पाठीच्या मापाची गाडी

मास्तरांची पाठ वाकली होती हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, एक मास्तर सोडून. उभा जन्म कटिंगच्या टेबलावर ओणवं होऊन काढल्यावर पाठ सरळ राहणार होती थोडीच! पण ज्या माणसाला दुसऱ्याचा खांदा जरासा उतरलेला असला तरी दुकानाच्या दारातूनच दिसायचा, त्याला स्वतःचं पोक दिसू नये, याला काय म्हणावं? रोज आरशासमोर उभे असायचे म्हणा, पण गिऱ्हाइकाच्या मागे.

दुकान लहानच. पुढे उंच टेबल, भिंतीला माणूसभर उंचीचा आरसा, मग पडदा, आणि पडद्यामागे शिलाईची दोन मशिनं आणि खिडकीशी एक खुर्ची. त्या खुर्चीत मास्तरीणबाई. काजं, बटणं, तुरपाई, अस्तराची हातशिलाई, सगळं त्यांच्याकडे. मास्तर माप घेताना मोठ्यांदा सांगायचे आणि बाई आतून लिहून घ्यायच्या. त्यात नवराबायकोची एक खासगी बोली होती. कोणाला पोक असलं तर ते त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं? मास्तर म्हणायचे, "साहेबांना वाचनाची आवड आहे." बाई समजायच्या, पाठीला कापड जास्त सोडायचं. पोट सुटलेलं असलं की, "घरी सगळं व्यवस्थित आहे." एक खांदा पडलेला असला की, "पिशवी नेहमी उजव्या हातात बरं का." गिऱ्हाईक खूश, कोट चोख, आणि पडद्यामागे बाई हसू ओठांत दाबून बसलेल्या.

कोट शिवण्यात मास्तरांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. पण ही विद्या फुकट मिळालेली नव्हती. उमेदीत ते एका तिरसट म्हाताऱ्या मास्तराच्या हाताखाली होते. पहिला कोट त्यांनी मोठ्या हौसेनं पुरा केला, इस्त्री करून टांगला, आणि म्हाताऱ्यानं तो सगळ्या कारागिरांसमोर शिवणीशिवणीतून उसवला. "बगलेत ओढत होता," एवढंच शेवटी म्हणाला. त्या दिवशी मास्तर मागच्या खोलीत जाऊन रडले, आणि तिथे काजं करत बसलेल्या एका मुलीनं त्यांना पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "मला तर चांगला दिसत होता." तीच पुढे मास्तरीणबाई झाली. पण मास्तरांनी धडा घेतला तो म्हाताऱ्याचा. पहिली ट्रायल कच्च्या टाक्यावर, दुसरी ट्रायल अस्तर लावून, आणि दुसऱ्या ट्रायलशिवाय दुकानाबाहेर एक चिंधी जायची नाही. गिऱ्हाइकाला घाई असली तर त्यानं दुसरं दुकान बघावं.

तर असं सगळं चाललं होतं, आणि बाईंच्या हातून सुई पडायला लागली.

आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. नवा चष्मा आला, तरी सुई पडतच होती. मग कप पडला. मग एक दिवस बाई एका बटणाशी इतका वेळ झगडत बसल्या की मास्तरांनी पडदा सारून बघितलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. तपासण्या झाल्या. मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं लहान होती, पण आडपडदा ठेवणारी नव्हती. "नसांचा आजार आहे," ती म्हणाली. "हातांपासून सुरू झालाय, पुढे पाय, मग मान. कोणाचा सावकाश पसरतो, कोणाचा भरभर. थांबवणारं औषध नाही. मनात जे काही करायचं असेल ते आता करा. पुढे ढकलू नका."

दोघं बाहेर बाकावर येऊन बसली. मास्तरांनी विचारलं, "तुला काय करायचंय?"

"ताईकडे जायचंय," बाई म्हणाल्या.

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण, घाटापलीकडे माहेरच्याच घरात राहणारी. आई लवकर गेली तेव्हा हिनेच धाकटीची वेणी घातली, हिनेच शाळेत सोडलं. आता ताईचा नवरा कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला, त्याला सोडून तिला घराचा उंबरा ओलांडता येत नव्हता. आणि बाईंना गाडी लागायची. लागायची म्हणजे साधीसुधी नाही, बस सुरू व्हायच्या आधी नुसत्या डिझेलच्या वासानं त्या पांढऱ्याफटक पडायच्या. मोटारीनं जाऊन बघितलं होतं, काचा सगळ्या उघड्या ठेवून, गोळ्या घेऊन. घाटाच्या पहिल्या वळणांवरूनच परत यावं लागलं होतं, आणि पुढे दोन दिवस अन्न पोटात ठरलं नव्हतं. एका दुचाकीवर मात्र त्यांना काही व्हायचं नाही. तोंडावर वारा असला की स्वारी खूश. लग्नानंतर मास्तरांच्या मोटरसायकलवर मागे बसून त्या गाणी म्हणत हिंडल्या होत्या. तेव्हा ताईपर्यंत पोचायची वाट एकच होती, मास्तरांच्या पाठीमागची सीट.

घोडं अडलं ते मास्तरांच्या पाठीपाशी. जुनी मोटरसायकल होती, पण तिचं हँडल खाली आणि लांब. पुढे झुकून बसावं लागायचं. थोडं अंतर गेलं की मनगटांना मुंग्या, आणि मग पाठीत जी उसण भरायची ती कंबरेपर्यंत. आदल्या वर्षी सिग्नलला थांबलेले असताना पाठ अशी धरली की पाय टेकवायचं भानच राहिलं नाही, आणि गाडी दोघांना घेऊन आडवी झाली. बाईंचं कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण मास्तरांना उठता येईना, बाईंनीच त्यांना बगलेत धरून उठवलं होतं. त्या दिवसापासून गाडी ताडपत्रीखाली. घाटाच्या वळणावर असं झालं असतं तर, हा विचार मास्तरांच्या डोक्यातून कधीच गेला नाही.

"नवी घेऊ," मास्तर म्हणाले. "लांबच्या प्रवासाची. पाठ ताठ ठेवून बसता येईल अशी."

"घ्या की."

"पण अंगाला बसणारी पाहिजे. उगाच पोत्यासारखी नको."

"बसेल हो," बाई म्हणाल्या. "आपण काय, बसू."

शोरूममध्ये एक टायवाला त्यांच्या पुढे आला. लोक येतात, किंमत विचारतात, रंग विचारतात, याला ते पाठ होतं. मास्तरांनी खिशातून टेप काढली तशी त्याची बोलती बंद झाली. सीटपासून फूटरेस्टपर्यंत, सीटपासून हँडलच्या मुठीपर्यंत, सीटची रुंदी पुढून, मागून. मग मास्तर एका लाल गाडीवर बसले, बाई मागे बसल्या. स्वतःच्या पायानं चढल्या, बरं का, फक्त मास्तरांच्या खांद्याला हात लावून. समोर काचेत दोघांचं प्रतिबिंब दिसत होतं. बाईंनी ते बघितलं आणि मास्तरांच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "साहेबांना वाचनाची आवड आहे."

मास्तर इतके हसले की टायवाला गोंधळून स्वतःचा टाय चाचपू लागला. दवाखान्यानंतर ते पहिल्यांदाच हसले होते.

"छान आहे ही," बाई म्हणाल्या. "मागे धरायला दांडा आहे, पाय नीट टेकतायत. हीच घ्या."

मास्तरांनी हात लांब करून बघितला, कोपर वाकवून बघितलं. "हँडल चार बोटं पुढे आहे."

"चार बोटांनी काय होतंय?"

"चार बोटांनी अख्खा कोट फुकट जातो," मास्तर म्हणाले, आणि गाडीवरून उतरले.

झालं. सगळं तिथेच फसलं, पण तेव्हा ते कोणाला कळलं नाही.

त्यानंतर मास्तर मोटरसायकलींचे पंडित झाले. एक गाडी होती रुंद, बुटकी, पाय पुढे सोडून आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायचं. मास्तर खूश झाले, पण गल्लीतल्या पहिल्या खड्ड्यात कळलं की अशा बैठकीत सगळा भार माकडहाडावर येतो, आणि धक्का थेट टाळूपर्यंत. एक होती उंचच उंच. वर बसलं की पाठ आपोआप ताठ, लोकांच्या कुंपणापलीकडचं दिसायचं. पण पाय टेकवायला गेलं तर नुसते चवडे लागायचे, आणि मागे बायको बसवून चवड्यांवर उभं राहायचं म्हणजे झालंच. तिसरीचं हँडल हवं तसं, तर फूटरेस्ट मागे, गुडघे पोटाशी. दुकानात कोणी बटणांचा रंग निवडायला आलं तरी मास्तर त्याला ऐकवायचे: कान, खांदा, कंबर एका ओळंब्यात यायला पाहिजेत, कोपराला किंचित बाक, मनगटावर भार शून्य, दोन्ही तळपाय जमिनीला. गिऱ्हाईक बिचारं हो हो करायचं.

शेजारी चावीवाल्याचं दुकान. मास्तरांचा जुना दोस्त, तोंडाचा फटकळ. "मास्तर," तो म्हणाला, "तू मोटरसायकल घेतोयस की जावई बघतोयस?"

"जन्माची वस्तू आहे. बघून नको घ्यायला?"

"बघ बाबा. बघता बघता वरातीमागून घोडं नको म्हणजे मिळवलं." हे तो चेष्टेत म्हणाला होता. नंतर त्याचं त्यालाच ते टोचत राहिलं.

सुरुवातीला प्रत्येक खेपेला बाई बरोबर असायच्या. मागे बसून बघायच्या, "बरी आहे" म्हणायच्या. काही आठवड्यांनी त्यांना चढताना मास्तरांच्या खांद्यावर सगळं वजन टाकावं लागायला लागलं. मग टायवाला न सांगता एक स्टूल आणून ठेवायला लागला. मग एका सकाळी बाई म्हणाल्या, "तुम्हीच बघून या. मला काजं संपवायचीत." काजं करणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. मास्तर "बरं" म्हणाले आणि एकटे गेले.

शेवटी गाडी ठरली. फिरून फिरून भोपळे चौकात, तसे मास्तर त्याच लाल गाडीच्या थोरल्या आवृत्तीपाशी आले. सीट रुंद, समोर वाऱ्याला अडवायला काच, दोन्ही पाय जमिनीवर पक्के. लाल रंगात ती मिळत नव्हती, राखाडी मागवावी लागणार होती. ती येईपर्यंत वाट बघितली. आली, तर हँडल अजून जरासं पुढेच. मिस्त्रीनं हँडलखाली ते उंच करायचे तुकडे बसवले. मग क्लचची केबल तोकडी पडली, म्हणून लांब केबल मागवली. मग सीट. सीटवाल्यानं आतला फोम कापला, भरला, पुन्हा कापला. मास्तर त्याच्या डोक्यावर उभे राहून सांगायचे, "इथे अर्ध्या बोटानं कमी कर. मांडीखाली दाबतंय."

"अहो, माणूस बसला की दबतो ना फोम," सीटवाला कुरकुरायचा.

"म्हणूनच आधी बघायचं," मास्तर म्हणायचे.

आणि मागच्या सीटला, बाईंसाठी, पाठ टेकायची गादी. ती मास्तरांनी खास बनवून घ्यायला दिली. माप त्यांनी तोंडी सांगितलं. अगदी सुरुवातीला, दवाखान्यातून आल्या आल्या, त्यांनी बाईंसाठी प्रवासाचा कोट आणि पँट कापली होती. जाड तपकिरी कापड, आतून मऊ अस्तर, वारा जाऊ नये म्हणून कॉलर उंच. ते माप त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. खांदा एवढा, पाठ एवढी, खांद्यापासून कंबर एवढी. बायकोचं माप विसरणारा मास्तर तो कसला.

ताईचा फोन यायचा. आधी बाई स्वतः फोन धरायच्या, मग मास्तर त्यांच्या कानाशी धरायला लागले, त्यामुळे पलीकडचं त्यांनाही ऐकू यायचं.

"कधी येतेस गं?" ताई विचारायची.

"सीट झाली की."

"मागच्या वेळी हँडल म्हणाली होतीस."

"हँडल झालं. आता सीट आहे."

पलीकडे ताई मग हवापाण्याचं काहीबाही बोलायची. एकदा म्हणाली, "मी तुझी जुनी खोली झाडून ठेवली आहे. खिडकी उघडी ठेवते रोज." मास्तरांनी फोन ठेवल्यावर बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

त्याच सुमाराला एका हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. जुनं गिऱ्हाईक. त्याला नवा कोट हवा होता, पण यायला वेळ नव्हता. मागच्या वर्षीचं माप आहे ना तुमच्याकडे, त्यावरच कापा, म्हणाला.

"शिळ्या मापावर मी कापड कापत नाही," मास्तर म्हणाले. "वर्षभरात माणूस बदलतो साहेब. तुम्हाला कळत नाही, पण कोटाला कळतं. या, टेप लावू, मग बोलू."

फोन ठेवला. बाई खिडकीशी खुर्चीत बसलेल्या होत्या, मांडीवर शाल, मान उशीला टेकलेली. एव्हाना त्यांचा शब्द जड यायला लागला होता, तरी समजायचा.

"माझं माप कधी घेतलंत?" त्यांनी विचारलं.

मास्तर टेबलावर खडू शोधायला लागले. खडू त्यांच्या कानावरच होता.

कोणी म्हणेल, काय आंधळा माणूस! आंधळे नव्हते हो. रोज सकाळी बाईंना उठवून बसवताना त्यांच्याच हातांना कळत होतं की दंड किती उतरला, खांदा किती आत गेला. ज्या हातांनी आयुष्यभर माणसं मापली त्यांना हे सांगायला टेप लागत नाही. त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. गाडीत काहीतरी करायचं बाकी होतं तोवर जाणंही बाकी होतं. एक दिवस गाडी पुरी होईल आणि मग बायकोला तिच्यावर बसवून बघावं लागेल, याची त्यांना भीती वाटत होती. घाटाच्या वळणापेक्षाही जास्त. म्हणून ते सीटवाल्याशी अर्ध्या बोटावरून भांडत राहिले.

पण सीटवाला काही जन्मभर सीट करत बसणार नव्हता. एका सकाळी त्यानं गाडी आणून दुकानासमोर उभी केली आणि म्हणाला, "मास्तर, आता यात हात घालायला जागा नाही. बसा आणि जा."

मास्तर बसले. आणि खरं सांगायचं तर, गाडी बसली होती. हात जिथे पडायला हवे तिथेच मुठी, गुडघे मोकळे, तळपाय जमिनीला पुरते टेकलेले, आणि पाठ कोणी न सांगता आपली आपण उभी राहिली. चावीवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहून बघत होता. त्याला चेष्टा सुचली नाही. "मास्तर, उंच आहेस की रे तू," तो म्हणाला.

मास्तर आत गेले. बाईंना म्हणाले, "गाडी आली."

"बघितली खिडकीतून," बाई म्हणाल्या. "कोट द्या माझा."

मास्तरांनी खुंटीवरचा तपकिरी कोट काढला. एकेक हात धरून बाहीत घातला, बटणं लावली, मग बाईंना उभं करून, एका हातानं कंबरेला धरून, पडद्याबाहेर आरशासमोर आणलं. आणि आरशात बघितलं. दोन्ही खांद्यांच्या शिवणी दंडावर उतरल्या होत्या. कॉलर मानेपासून सुटून लांब उभी होती. कोट त्यांनीच कापलेला, एका टाक्याची चूक नव्हती त्यात. सवयीनं त्यांचा मोकळा हात मागे गेला आणि पाठीवरचं जादा कापड त्यांनी मुठीत गोळा केलं, टाचणी लावायला धरतात तसं. मूठ भरून कापड आलं. ते तसंच धरून ते उभे राहिले. त्यांना सोडवेना.

"अहो," बाई म्हणाल्या, "उसवू नका आता. असाच राहू दे."

"अगं, पण..."

"गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ. तेवढंच."

टोकापर्यंत म्हणजे फार नाही. बेकरी, मग सायकलचं दुकान, मग कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, आणि तिथून मोठा रस्ता. मास्तरांना नाही म्हणता आलं नाही. चावीवाल्यानं आणि मास्तरांनी मिळून बाईंना उचललं आणि मागच्या सीटवर ठेवलं. पाय फूटरेस्टवर ठेवले. डावा पाय घसरला, तो पुन्हा ठेवला. पाठीची गादी त्यांच्या खांद्यांच्या वर जात होती. मधली फुगीर जागा, जी मास्तरांनी मोठ्या कौतुकानं कंबरेच्या बाकासाठी सांगून घेतली होती, ती बाईंच्या पाठीला भलतीकडेच ढकलत होती. मास्तर पुढे बसले, त्यांचे दोन्ही हात आपल्या कंबरेभोवती घेतले आणि आपल्या पट्ट्यात बोटं अडकवून दिली.

"मी चालतो बरोबर," चावीवाला म्हणाला.

"नको," बाईच म्हणाल्या. "आम्ही जातो."

गाडी सुरू झाली. आवाज मऊ होता. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल एवढ्या वेगानं, मास्तरांनी ती सोडली. बेकरी गेली. वारा कसला, नुसती झुळूक, पण मागून एक आवाज आला. मास्तरांना आधी वाटलं त्या कण्हताहेत. मग कळलं, बाई काहीतरी गुणगुणत होत्या.

सायकलच्या दुकानाशी त्यांची बोटं पट्ट्यातून सुटली. मान एका बाजूला गेली आणि मानेपाठोपाठ सगळं अंग डावीकडे झुकलं. मास्तरांनी ब्रेक दाबला, दोन्ही पाय टेकवले, आणि डावा हात मागे टाकून मिळेल तिथे कोट पकडला. जादा कापड होतं, ते हाताशी आलं. त्याला धरूनच त्यांनी बाईंना ओढून आपल्या पाठीशी घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. गाडी तसूभर हलली नाही.

औषधाचं दुकान समोर दिसत होतं. हाक मारली असती तर चावीवाला धावत आला असता. मास्तरांनी लगेच मारली नाही. इंजिन बंद केलं. बाईंचा गाल त्यांच्या पाठीवर टेकला होता, त्याची ऊब सदऱ्यातून लागत होती.

"लागलं का गं?"

"नाही."

रस्त्यानं एक बाई पिशव्या घेऊन गेली, तिनं वळून बघितलं. मास्तर समोर बघत होते. विचारल्याशिवाय आता त्यांना राहवणार नव्हतं.

"ती लाल गाडी," ते म्हणाले. "त्या पहिल्याच दिवशी घेतली असती तर?"

श्वास घेऊन, एकेक शब्द जुळवून बोलावं लागायचं बाईंना आता. मास्तरांना वाटलं, ती म्हणेल जाऊ द्या हो, म्हणेल तसंही जमलं नसतं. आयुष्यभर तिनं त्यांना सांभाळून घेतलं होतं.

"गेलो असतो," बाई म्हणाल्या. "ताई भेटली असती."

मास्तर "हो" म्हणाले. त्यांना मागे वळून तिचं तोंड बघायचं होतं, पण वळले असते तर हात सुटला असता. म्हणून दोन्ही पाय पक्के रोवून, पाठ ताठ ठेवून ते तसेच बसून राहिले, आणि मग त्यांनी चावीवाल्याला हाक मारली.